जर्मनीतला गांजा आणि आपली मुलं

मा. संपादक,

'जर्मनीत गांजा मोकळा झाला' असं इकडे शिकायला येणारी आपली मुलं धरून चालतात, म्हणून हे पत्र. लाइपझिगमध्ये आमच्याकडे भाड्याने राहणाऱ्या लातूरच्या एका मुलाने खोलीत कपाटाएवढ्या तंबूत तीन जातींची रोपं लावली. एक बुटकं, रुंद पानांचं. दुसरं उंच, निमुळत्या पानांचं. दिव्याला टेकून त्याचा शेंडा करपला. ही दोन्ही रोज बारा तास सलग अंधार मिळाला की फुलावर येतात. तिसरी जात प्रकाश कितीही असो, ठरावीक वयात फुलते. हिवाळ्यात खिडक्या बंद, हवा दमट. दाट कळ्यांत राखाडी बुरशी धरली, सगळं फेकावं लागलं. वास पार जिन्यापर्यंत!

1 एप्रिल 2024 पासून इथे सज्ञान व्यक्तीला घरी तीन रोपं लावता येतात, पण जर्मनीत किमान सहा महिने वास्तव्य हवं. हा मुलगा चौथ्या महिन्यातच लावून बसला होता. घरचं पीक मित्राला फुकटही देता येत नाही, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

सुट्टीत बिया नेऊन गावी परसात लावू म्हणाला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. भारतात 1985च्या कायद्याने लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. परदेशी शिक्षणाच्या पुरवणीत हे सविस्तर छापाल का? आईवडीलही ती पुरवणी वाचतात.

– एक वाचक, लाइपझिग, जर्मनी