बदकाच्या पोटाखालचे नाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या लाकडी बदकांवरचा मजकूर वाचला. मॅसॅच्युसेट्सच्या एल्मर क्रोवेल यांनी घडवलेली दोन पाखरे २००७ साली प्रत्येकी ११ लाख डॉलरांच्या वर विकली गेली, हे खरेच आहे. पण सबंध मजकुरात किंमतच होती. ही बदके कशासाठी करत आणि ती करणारी माणसे पोटासाठी काय करत, यावर एक ओळही नव्हती. ते वाचून राहवले नाही, म्हणून हे पत्र.

माझी मुलगी अमेरिकेत मेरिलँड राज्यात असते. तिने मला चेसापीक उपसागराकाठच्या क्रिसफील्डला नेले होते. खेकड्यांचे आणि कालवांचे गाव, धक्क्यावर वेंगुर्ल्याचाच वास. तिथे स्टीव्ह आणि लेम वॉर्ड या भावांची कार्यशाळा जपून ठेवली आहे. दोघेही धंद्याने न्हावी. त्यांचे वडीलही न्हावी, आणि तेही बदके कोरायचे. गिऱ्हाईक उठले की वस्तरा बाजूला ठेवायचा आणि लाकूड हातात घ्यायचे. कोरण्याचे बरेचसे काम स्टीव्हचे, रंग लेमचा. ‘लाकडातून रानपाखरांची नक्कल करणारे’ अशी ते स्वतःची ओळख सांगत.

ही बदके शोभेची नव्हती. शिकारी ती पाण्यावर सोडायचे. आपल्यासारखीच पाखरे निवांत बसलेली दिसली की आकाशातला थवा खाली उतरायचा. म्हणून बदक लाटेवर नीट बसले पाहिजे, कलंडले तर आपणहून सरळ झाले पाहिजे. त्यासाठी पोटाखाली शिसे ठोकत आणि वाहून जाऊ नये म्हणून दोरीने नांगर बांधत. रंगाला चकाकी अजिबात चालत नसे, कारण उन्हात ती चमकली की थवा वळलाच. कुऱ्हाडीने तासून ढोबळ अंग काढायचे, मग चाकू, कानस, पॉलिशपेपर. डोके वेगळे कोरून बसवायचे. वॉर्ड बंधूंची खासियत इथेच दिसते. त्यांची सगळी बदके सारखी समोर बघत नाहीत. एखादे मान वळवून मागे बघते, एखादे मान आखडून बसलेले असते. १९१८ च्या सुमाराच्या त्यांच्या कॅन्व्हासबॅक बदकांचे गाल इतके फुगीर आहेत, की संग्राहक त्यांना त्या गालांवरूनच ओळखतात. दिवसभर माणसांची डोकी हाताळणाऱ्यांनाच हे सुचावे, असे मला तिथे उभी असताना वाटले.

शिकारीचे समर्थन मी करत नाही. बाजारासाठी तिथे पाखरे इतकी मारली गेली, की १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने ती विक्री थांबवावी लागली. पुढे प्लॅस्टिकची बदके आली आणि पाण्यावरच्या लाकडी बदकाची गरजच सरली. वॉर्ड बंधूंनी मात्र हत्यार खाली ठेवले नाही. पिसान्‌पीस दाखवणारी, फडताळात ठेवायची पाखरे ते करू लागले. स्टीव्ह १९७६ साली गेले. १९८३ साली लेमना पारंपरिक कलांसाठीचा अमेरिकेचा राष्ट्रीय सन्मान मिळाला, पुढच्या वर्षी तेही गेले.

मला जे सांगायचे आहे ते यापुढचे आहे. वॉर्ड बंधूंच्या कार्यशाळेतल्या एका बाईंनी एक बदक उलटे करून दाखवले. पोटाखाली लेमच्या हातचे अक्षर होते: नाव, साल, गाव. न्हाव्याने केलेल्या एका अवजारावर!

माझे माहेर सावंतवाडीचे. माझे आजोबा लाकडी फळे रंगवायचे. त्यांनी रंगवलेले सीताफळ अजून माझ्या कपाटात आहे. पांगाऱ्याचे हलके लाकूड, त्यावरचा हिरवा रंग सत्तर वर्षांत थोडासाच काळवंडला आहे. बदक बघून मुलीच्या घरी आले त्या रात्री मी तिला फोनवर भावाकडून त्या सीताफळाचा फोटो मागवायला लावला, खालच्या बाजूचा. खाली काहीच लिहिलेले नाही. ते आजोबांचे आहे हे मला ठाऊक आहे आणि भावाला ठाऊक आहे. आमच्यामागे ते नुसते ‘सावंतवाडीचे खेळणे’ होईल.

आपले वार्ताहर दर वर्षी गणपती-दिवाळीच्या सुमारास आमच्या चितारआळीत, म्हणजे लाकडी खेळण्यांच्या आळीत, येतात. फोटो छान येतात, पण खाली मजकूर असतो ‘खेळण्यांवर शेवटचा हात फिरवताना कारागीर’. माझी विनंती एवढीच, की यंदा त्या माणसाला त्याचे नाव विचारा आणि फोटोखाली छापा. खेळणे कातणारा एक आणि रंगवणारा दुसरा असेल, तर दोघांचीही छापा.

आपली विश्वासू,
एक वाचक, सावंतवाडी