स्क्रीनशॉट पोचला, बापू

धुळे,
२० नोव्हेंबर

प्रिय बापू,

तुझा स्क्रीनशॉट पोचला. फोनच्या नकाशावर पुणे ते तोरणमाळ एक निळी रेघ, खाली तास-मिनिटं, आणि सोबत तुझं वाक्य, "बाकी काही सांगू नको, तू फक्त लोकेशन टाक." लोकेशन टाकलं असतं रे. पण तुझी गाडी नवी, सोबत वहिनी आणि तुझी आई, आणि तू चालवणार म्हणजे कुणाचं ऐकणार नाहीस. म्हणून मोबाइल बाजूला ठेवला आणि कागद घेतला. पत्र तरी मध्येच तोडता येत नाही.

आधी एक जुना हिशोब. २००० साली पावसाळा संपता संपता आपण राजदूत मोटारसायकलवर तोरणमाळला गेलो होतो, आठवतं? स्टँडवरच्या पुस्तकवाल्याकडून महाराष्ट्राचा नकाशा घेतला होता. मागे बसून तो धरायचं काम तुझ्याकडे. पिशवीत कोंबून कोंबून त्याच्या घड्या फाटल्या होत्या, आणि चार घड्या जिथे मिळत होत्या तिथे नेमकं शहादं होतं. म्हणजे शहाद्याच्या जागी भोक! त्यात तू नकाशा उलटा धरलास आणि म्हसावदच्या फाट्यावर आपण छाती ठोकून उलट्या दिशेला लागलो. तेरा किलोमीटर. तेव्हा तू म्हणाला होतास, "नकाशातच चूक आहे." ते मी विसरलेलो नाही.

गंमत म्हणजे त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली होती. त्याआधी सामान्य माणसाच्या यंत्राला शंभर मीटरपर्यंतचा फरक पडायचा, लष्कराला तेवढा अचूक ठावठिकाणा. ती चूक गेली, आणि आज तुझ्या फोनमधली बाई 'आता डावीकडे वळा' म्हणते ते तिथून पुढे शक्य झालं. आपल्याला त्याचा पत्ता नव्हता. आपण शहाद्याच्या भोकात बोट घालून बसलो होतो.

तेव्हा मी कागदाचा भक्त आहे असं समजू नकोस. माझा धंदा ठिबकचा. नळ्या, फिल्टर, व्हॉल्व्ह घेऊन रोज कुठल्या ना कुठल्या शिवारात जायचं. शेतकरी फोनवर पत्ता सांगतो, "फाट्यावरून आत या, चिंचेजवळ वळा, मग कुणालाही विचारा." आता तो लोकेशन पाठवतो आणि मी थेट विहिरीपाशी उतरतो. हे सुख कुठल्या कागदाने दिलं असतं?

पण याच फोनने मला भाद्रपदात चिखलात घातलं. शिरपूर तालुक्यात एका मळ्यात जायचं होतं. मुख्य रस्त्याने बावीस किलोमीटर होते, फोनने सोळाचा रस्ता काढून दिला. मी खूश. थोड्या वेळाने डांबर संपलं आणि पाटचारीच्या कडेचा मुरमाचा रस्ता लागला. पाटबंधाऱ्याची जीप जाते तेवढाच रुंद. पुढे मुरूम संपून काळी माती सुरू झाली. आदल्या रात्री पाऊस झालेला. आपली काळी माती ओली झाली की काय होते ते तुला सांगायला नको; चाकाला ती लागत नाही, चाकच तिच्यात जातं. पिकअप एका बाजूने कलली. उजवीकडे चारी, डावीकडे कपाशी, मागे वळायला जागा नाही. आणि फोन म्हणतोय, 'सरळ चालत राहा.'

तासाभराने एक ट्रॅक्टर आला. चालवणारा पोरगा उतरला, गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, तुम्हीन बी मॅपवाला शेतस का?" मी मान हलवली. "ह्या आठोडामां तिसरी गाडी शे." त्याच्याकडे दोर तयारच होता. पैसे घेईना. चहाचे म्हणून बळंच खिशात घातले.

रात्री घरी येऊन मी लॅपटॉपवर सर्वेक्षण खात्याचा नकाशा उघडला. भारतीय सर्वेक्षण विभाग, १७६७ पासूनचा, आपल्या भूगोलाच्या सरांचा लाडका. त्याचा १:५०,००० चा नकाशा, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. त्यावर पक्का रस्ता वेगळा, कच्चा वेगळा, गाडवाट वेगळी, कालवा वेगळा. मी गेलो ती वाट तुटक रेघेने दाखवलेली होती. एकदा जरी निघण्याआधी बघितलं असतं तर कळलं असतं. फोनवर सगळे रस्ते सारखेच दिसतात, जाडी कमी-जास्त एवढंच, आणि तो निवडताना वेळ मोजतो. चिखल मोजत नाही.

तेव्हापासून माझी रीत ठरली आहे. लांबचं जायचं तर आदल्या रात्री रस्ता मी ठरवतो, नकाशा पसरून. मग फोनमध्ये नुसतं शेवटचं गाव टाकत नाही. मधले थांबे एकेक करून टाकतो, म्हणजे त्याला माझ्याच वाटेने यावं लागतं. तो मध्येच 'आठ मिनिटं वाचतील' म्हणून गळ घालतो. त्या आठ मिनिटांना मी भीक घालत नाही.

आमच्या नानांना तर दोन्हीची गरज नव्हती. एस.टी.त हयात गेली. त्यांचा नकाशा रस्त्याकडेच्या दगडांवर होता. पिवळं डोकं म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवं म्हणजे राज्याचा, काळं किंवा निळं म्हणजे जिल्ह्याचा, भगवं म्हणजे गावाचा. गाडीत झोपलेले नाना डोळे उघडायचे, दगड बघायचे आणि म्हणायचे, "चुकलास, मागच्या फाट्यावर वळायचं होतं." अनोळखी रस्त्याबद्दल त्यांचा एकच प्रश्न असायचा, "इथून एस.टी. जाते का?" जात असेल तर आपली गाडी जाते. आजही शंका आली की मी टपरीवर हेच विचारतो. 'रस्ता चांगला आहे का' असं विचारू नकोस, लोक 'हो' म्हणतात. मोटारसायकलवाल्याला सगळेच रस्ते चांगले असतात.

आता तुझ्या रेघेकडे येतो.

पुण्याहून नगर, मनमाड, मालेगाव, धुळे हे फोन सांगतो ते ठीक आहे. (अहिल्यानगर म्हणायचं आता, पण तोंडात नगरच येतं.) साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पहिला मुक्काम माझ्याकडे, यात चर्चा नको. धुळ्यात शिरताना मात्र फोनचं ऐकून 'आग्रा रोड'ला गाडी घालू नकोस. महामार्गाला जुनी माणसं आग्रा रोड म्हणतात हे खरं, पण शहरात आग्रा रोड म्हणजे बाजारपेठ, आणि संध्याकाळी तिथून सायकल निघत नाही. बायपासवर थांबून मला फोन कर. आमची गल्ली नंबरची आहे, ब्रिग्जसाहेबाने आखून दिलेली सरळ वस्ती. तिथे ना फोनचा नकाशा चालत ना कागदाचा.

नानांच्या कपाटातला जुना रस्त्यांचा नकाशा मी तुला द्यायला काढला होता. त्यात आपल्या मुंबई-आग्र्याला ३ नंबर आहे आणि सुरत-नागपूरला ६. २०१० साली सगळे नंबर बदलले. आता आपल्याकडे ५२, ५३, ६० असं आहे. फोन ५३ म्हणेल, ढाबेवाला सहा म्हणेल, आणि दोघंही एकाच रस्त्याबद्दल बोलत असतील. कागदाचं हेच दुखणं. तो छापला त्या दिवशी थांबतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघू. सोनगीरला महामार्ग सोडायचा, चिमठाणे, दोंडाईचा, मग सारंगखेडा. तुझी रेघ शिरपूरवरून शहाद्याकडे जाते. ती तू खोडून टाक. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याचा तो तुकडा मी या वर्षात चारदा केला, आणि चारही वेळा कंबर धरून उतरलो. तुझ्या आईला त्या रस्त्याने मी नेणार नाही. शिवाय सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा असेल, घोडेबाजार भरलेला असेल, आणि एकमुखी दत्ताचं दर्शन आईंना घडेल. तापीच्या पुलावरून खाली बघितलं की नुसते तंबू आणि घोडे.

यात्रेच्या दिवसांत फोनवर तिथे रस्ता लाल दिसेल. तो लाल रंग येतो कुठून ठाऊक आहे? रस्त्यावरच्या लोकांच्या खिशातले फोन किती वेगाने सरकतात त्यावरून. म्हणजे गर्दीनेच गर्दी कळवायची. सारंगखेड्याला हे चालतं. पण पुढे सातपुड्यात गेल्यावर रस्त्याला काही रंगच नसेल, आणि तू म्हणशील, वा, मोकळा. मोकळा नाही बापू. तिथे फोनच कमी, म्हणून त्याला माहितीच नाही. दरड पडलेली असली तरी रेघ तशीच राहते.

शहाद्यात टाकी भरायची, हवा बघायची, आणि त्या भागाचा नकाशा तिथल्या रेंजमध्ये फोनवर उतरवून घ्यायचा. पुण्यात वायफायवर उतरवलास तर उत्तमच. लोक म्हणतात डोंगरात जीपीएस जात नाही. जीपीएस जात नाही, नेट जातं. उपग्रह वीस हजार किलोमीटरवर आहेत, त्यांना टॉवर लागत नाही. चार उपग्रह दिसले की फोनला आपली जागा कळते. पण खालचा नकाशा नेटवरून येतो. तो आधी उतरवला नसेल तर कोऱ्या पाटीवर निळा ठिपका चालताना दिसतो. हा अनुभव घेऊन बघ एकदा, भुतासारखं वाटतं.

शहादा, म्हसावद, राणीपूर, तोरणमाळ. पन्नासेक किलोमीटर. शेवटी सातपायरीचा घाट. तिथे वळणांवर वळणं एकमेकांच्या डोक्यावर आहेत, आणि उपग्रहाच्या लहरी कड्यावरून आपटून येतात म्हणून ठिपका कधी खालच्या वळणावर, कधी वरच्या. तेवढा वेळ फोनकडे बघायचंच नाही. समोर बघ आणि वळणावर हॉर्न दे.

एक मोह टाळ. तोरणमाळहून परत येताना तू धडगाव बघायचं म्हणशील, मी ओळखतो तुला. धडगावहून नंदुरबारला जायला फोन चांदसैली घाटातून कोठार, तळोदा असं सुचवेल, कारण अंतर कमी. सर्वेक्षणाच्या नकाशावर त्या घाटाजवळच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, बघ. इतक्या चिकटून आहेत की मधला कागद दिसत नाही. प्रत्येक रेघ वीस मीटरची चढण. त्या रेषा बघितल्यावर फोनवरचा 'एवढ्या मिनिटांत पोचाल' हा आकडा हास्यास्पद वाटतो. रस्ता अरुंद, पावसात दरडी येतात, दगड नंतरही सुटतात. नव्या गाडीने आणि संध्याकाळी तर नाहीच. आपण म्हसावदवरूनच परत फिरू. लांब पडेल, पडू दे. नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथारी लागल्या असतील, लाल जमीन दिसते लांबवर. वहिनींना फोटो काढायला थांबू. (काचा वर कर मात्र. गेल्या वर्षी पाहुणे शिंकत शिंकत धुळ्याला आले.)

सरांनी शिकवलेली दोऱ्याची युक्ती आठवते? नकाशावर वळणावळणाने दोरा ठेवायचा, मग तो सरळ करून पट्टीवर मोजायचा. काल रात्री मी तेच करत बसलो होतो. धाकटी विचारत होती, "आबा, फोनवर लिहिलेलं असतं की." असतं. पण दोरा ठेवताना प्रत्येक गावावरून बोट जातं, नदी कुठे ओलांडायची ते कळतं, आणि चुकलो तर कुठे निघू तेही डोक्यात बसतं. निळ्या रेघेने हे कधी झालं नाही, माझ्या बाबतीत तरी.

सोबत झेरॉक्स पाठवतोय. शहाद्याच्या जागी या वेळी शहादं आहे, तपासून घेतलं. लाल पेनाने रस्ता, गोल म्हणजे थांबा, फुली म्हणजे जाऊ नको. दोंडाईचाच्या अलीकडे चौकोन आहे, ती शेवभाजी. तिखट झेपत नसेल तर आधी सांग, निम्म्या तिखटाची करून देतात. तोरणमाळला रात्री थंडी चांगली पडते, आईंना शाल घे. आमची ही कळण्याच्या भाकरीचं पीठ दळून ठेवते आहे.

आणि गाडीत नकाशा वहिनींच्या हातात दे. तुझ्या नको.

तुझाच,
आबा