काळी डिस्क माझ्याकडे आहे

पुणे, रविवार

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, कपाटातली फोटोंची काळी डिस्क शोधत असाल तर शोधू नका. ती माझ्याकडे आहे. गणपतीला आले होते, तेव्हा निघताना बॅगेत टाकली, आईच्या मेतकुटाच्या डब्याशेजारी. विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही "दिवाळीनंतर बघू" म्हणाला असता, आणि तुमची दिवाळीनंतर कुठल्या साली उजाडते हे आपल्या घरात अजून कुणाला कळलेलं नाही.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोन लावला की आई "थांब, ह्यांना देते" म्हणते, तुम्ही "सगळं झकास" म्हणता आणि पुण्यात पाऊस आहे का विचारता. म्हणून लिहिते आहे. अक्षर मोठं छापलंय. दोघांनी शेजारी बसून वाचा. आई, तू आधी एकटीने वाचून मग गाळून गाळून सांगायचं नाहीस.

आधी माझी बाजू. २००५ च्या पुरात तुमच्या लग्नाचा अल्बम गेला. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची, आणि पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. गावभागातला आपला खालचा मजला बुडाला. नंतर आई गच्चीत कपड्यांच्या दोरीला चिमटे लावून फोटो वाळत घालत होती, आजीच्या शेजारी आत्या, आत्याच्या शेजारी कुणाचं तरी डोहाळजेवण. मग बाबा, तुम्ही स्कॅनर आणलात, दोन हिवाळे बसून एकेक फोटो आत घेतलात. आणि एवढं सगळं करून ती डिस्क ठेवलीत कुठे? खालच्याच मजल्यावर, त्याच कपाटात! बँकेच्या तिजोरीची जादा किल्ली दुसऱ्या शाखेत ठेवायची असते हे मला शिकवलंत तुम्ही, आणि घरच्या तिजोरीला मात्र एकच किल्ली. आता तीन प्रती आहेत. एक माझ्याकडे, एक इंटरनेटवर पैसे भरून ठेवलेली, आणि एक तुमच्याकडे येईल. ती वरच्या मजल्यावर राहील. यावर चर्चा नाही.

डिस्कवर ४१,३१२ फायली निघाल्या. हाताने लावायच्या तर मी निवृत्त झाले असते. म्हणून स्क्रिप्ट लिहिल्या. स्क्रिप्ट म्हणजे, बाबा, तुम्ही सकाळी शिपायाला कामांची चिठ्ठी द्यायचात ना, तशी संगणकाला दिलेली चिठ्ठी. फरक इतकाच की तो चहाला जात नाही, आणि चिठ्ठीत चूक असली तरी "साहेब, असं कसं?" म्हणून परत येत नाही. त्या फरकावर पुढे येते.

डिजिटल फोटोच्या पोटात काढल्याची तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. एक्झिफ म्हणतात त्याला, आणि ते वाचायला एक्झिफटूल नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. तारीख वाचायची, फोटो त्या वर्षाच्या, त्या महिन्याच्या फोल्डरात टाकायचा. ऐकायला सोपं. पण तुमच्या जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी मेली की त्याचं घड्याळ उलटं पळून कुठल्यातरी १ जानेवारीला जाऊन बसायचं, त्यामुळे दादाच्या मुलीचं बारसं तिच्या जन्माच्या कितीतरी वर्षं आधी झालेलं दिसलं. तिथे एका फोटोची खरी वेळ आपल्याला माहीत होती, तेवढा फरक काढून त्या सगळ्या फोटोंना लावला. व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो पोटातली माहिती गाळूनच येतात, पण फायलीच्या नावात तारीख असते, ती घेतली. ती पाठवल्याची असते, काढल्याची नव्हे, पण चालवून घेतलं. आणि तुम्ही स्कॅन केलेले सगळे फोटो? त्यांची तारीख स्कॅनची. स्क्रिप्टने आजीला नऊवारीत, नथ घालून, २०१९ च्या डिसेंबरात नेऊन बसवलं.

आता माझी चूक. आधी प्रत काढायची, मग प्रतीवर काम करायचं, आणि खरं काही हलवण्याआधी स्क्रिप्टला "नुसतं काय करशील ते सांग" म्हणून कोरडी चालवून बघायची, हे मी ऑफिसातल्या पोरांना शिकवते. त्या रात्री साडेअकरा वाजले होते, दुसऱ्या दिवशी सुट्टी नव्हती, मी मूळ डिस्कच लावली आणि सोडली. नाट्यपंढरीची मुलगी, आणि रंगीत तालमीशिवाय प्रयोग लावला.

सकाळी पाहिलं तर वर्षं, महिने, सगळं कवायतीला उभं. आणि तुमचे फोल्डर गेलेले. तुम्ही दिलेली नावं गेलेली. "पाणी ओसरल्यावर". "दादा रुसला, कारण सायकल". "आई हसते आहे (पुरावा)". बाबा, मी खुर्चीतच बसून रडले. चाळीशीतली बाई. लहानपणी काळ्या कागदाच्या अल्बमला मी कोपरे चिकटवायचे, तुम्ही फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहायचात, शाईने नाही, शाई फुटते म्हणून. मी विचारायचे, "एवढं काय लिहिता?" तर म्हणायचात, "चेहरा राहतो गं, नाव जातं."

घाबरू नका, सगळं परत मिळालं. स्क्रिप्टकडून मी रोजकीर्द लिहून घेत होते, कुठली फाइल कुठून उचलली आणि कुठे ठेवली, ओळीला ओळ. तेवढी एक सवय तुमची लागलेली. त्या रोजकीर्दीवरून उलटी स्क्रिप्ट चालवली, दोन संध्याकाळी गेल्या. आता तुमची नावं फोल्डरवर तर आहेतच, शिवाय फोटोच्या पोटातही लिहून टाकली आहेत, म्हणजे फोटो कुठेही गेला तरी नाव त्याच्याबरोबर जाईल. आणि खरं सांगू, माझ्या तारखांपेक्षा तुमची नावंच जास्त कामाला आली. "रंगभूमी दिन, भावे नाट्यमंदिर" असं लिहिलं असलं की तारीख ५ नोव्हेंबर, त्यात कॅमेऱ्याला विचारायचं काय! साल तेवढं आईच्या साडीवरून ठरवलं.

आई, तुझे सुप्रभातचे गुलाब मी काढून टाकलेले नाहीत. २,१४० निघाले. वेगळ्या फोल्डरात ठेवलेत, "आईची बाग".

आता जे लिहायचं आहे ते लिहिते.

दोनदा असलेले फोटो शोधायला स्क्रिप्ट प्रत्येक फायलीचा ठसा काढते, ६४ अक्षरांचा. फाइल तंतोतंत तीच असेल तर ठसा तोच, एक ठिपका बदलला की ठसा वेगळा. दोन-तीनदा असलेले फोटो सगळ्यांकडेच असतात. पण मुंजीच्या फोटोंचं कॅमेऱ्यातलं कार्ड डिस्कवर नऊ वेळा उतरवलेलं निघालं. फाइल डिस्कवर कधी आली ती तारीखही असते. फेब्रुवारी ते जुलै, नऊ वेळा. "मुंज". "मुंज नवीन". "मुंज, राहिलेले फोटो". दर वेळी नीट नाव देऊन, जणू पहिल्यांदाच. आणि जूनमधल्या एका फोल्डरात एका फोटोचं नाव आहे, "निळ्या साडीतल्या बाई". बाबा, ती माईआत्या आहे.

फोटोत तिचा चेहरा अर्धा वळलेला आहे. मांडवात उजेडही कमी होता. तुमचा चष्मा बदलायला झालाय हे मलाही माहीत आहे. शिवाय काम राहिलं असेल या धास्तीने मीही गॅस तीनदा बघते. काही नसेलही. पण असं होण्याची कितीतरी साधी कारणं असतात, आणि ती रक्त तपासून कळतात. बी-१२ कमी असलं तरी होतं, थायरॉइड बिघडलं तरी होतं. तुम्ही पक्के शाकाहारी, त्यात इतकी वर्षं साखरेची मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे, तिने बी-१२ उतरू शकतं. (म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही! मला माहीत आहे तुम्ही कसे आहात.) झोप, कान, डोळे, सगळंच बघून घेऊ.

मिरजेला येत्या गुरुवारी ११ वाजताची वेळ घेतली आहे. दादा कोल्हापूरहून गाडी घेऊन ९ वाजता येईल. त्याच्या बुलेटवरून जायचं नाही. आई, चालू गोळ्यांची पाकिटं आणि जुने रिपोर्ट पिशवीत घाल. सकाळी काही खायचं की नाही ते मी बुधवारी विचारून कळवते. डॉक्टर बाबांना प्रश्न विचारतील तेव्हा तू उत्तरं द्यायची नाहीस. तुला जमणार नाही, तरी.

हे पत्र दोघांच्या नावाने लिहिलं ते याचसाठी. आईला वेगळं सांगून तुमच्या पाठीमागे कुजबुज करणं मला जमलं नसतं. तुम्ही माझ्यापासून कधी माझं प्रगतिपुस्तक लपवलं नाहीत, गणितात ३८ मिळाले तेव्हासुद्धा.

आता घरच्या सोयीचं. नवी डिस्क एका छोट्या डब्याला जोडून आणते आहे. तो वरच्या खोलीत टीव्हीमागे बसेल, आवाज करत नाही, वीज फारशी खात नाही. सकाळी ७ वाजता टीव्ही लावला की त्या दिवसाचे जुन्या सालांतले फोटो आपोआप येतील, खाली तुमची नावं मोठ्या अक्षरात. आई, तुला एकही बटण नवं शिकायचं नाही, आणि तुझी मालिका लागायच्या आत ते बंद होईल. बाबा, कॅमेऱ्याचं कार्ड त्या डब्यात घालायचं, हिरवा दिवा लागला की काढायचं, झालं. आधी घातलं होतं का, हे आठवायची गरज नाही. तेच कार्ड नऊ वेळा घातलं तरी तो फोटो एकदाच घेतो, आणि कुणाला काही सांगत नाही.

तुमचं काम मात्र संपलेलं नाही. २१४ फोटोंना नाव नाही, तारीख नाही, आणि कुठलीच स्क्रिप्ट ते देऊ शकत नाही. त्यांच्या फोल्डरचं नाव मी "बाबा सांगतील" असं ठेवलंय. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने येते, शनिवार-रविवार आहे. या वेळी तुम्ही सांगा, मी लिहिते. नाही आठवलं तर पुढचा फोटो. आईला मध्ये बोलायची परवानगी आहे.

पहिला आत्ताच पाठवते, छापून मागे पेन्सिलीने १ लिहिलाय. कृष्णेचा घाट, मागे पूल, आजी पायरीवर बसलेली आणि शेजारी सायकल धरून एक उंच गृहस्थ. आजी त्यांच्याकडे बघून इतकी मोकळी हसते आहे की मी तिला तशी कधी पाहिलेली नाही. कोण ते?

तुमची,
माऊ

ता. क. खालच्या कपाटात डिस्कच्या जागी मी भडंगाचं पाकीट ठेवलं होतं, म्हणजे रिकामं दिसायला नको. मऊ पडलं असेल. आई, खाऊ देऊ नकोस त्यांना.