रविवारच्या वर्गाआधी टोकन घेऊन ठेवा

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता चॅटबॉटचा दुसरा वर्ग आहे. या वेळी प्रत्येकाने आपलं एक मॉड्यूल, म्हणजे बॉटचं एक काम करणारी वेगळी फाइल, लिहायची. लॅपटॉपवर पायथन टाकून या आणि टेलिग्रामच्या बॉटफादरकडे (नवे बॉट नोंदवणारा टेलिग्रामचाच बॉट) स्वतःचा बॉट नोंदवून टोकन घ्या. टोकन म्हणजे बॉटची किल्ली. ती ग्रुपवर टाकू नका. दोघांत एकच टोकनही नको. एका टोकनवर दोन बॉट संदेश मागू लागले की टेलिग्राम ४०९ची चूक दाखवतं.

मागच्या वेळी काहींचे बटणवाले संदेश जातच नव्हते. बटणामागच्या डेटाला, म्हणजे बटण दाबल्यावर बॉटकडे जाणाऱ्या मजकुराला, ६४ बाइटांची मर्यादा आहे आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात, म्हणजे २१ चिन्हांत जागा संपली! बटणावर मराठी खुशाल लिहा, मागे मात्र नुसता आकडा ठेवा.

माझा सगळ्यात जास्त आग्रह एका गोष्टीचा आहे. बॉटच्या गाभ्याने, म्हणजे मुख्य प्रोग्रामने, फक्त संदेश घ्यायचा आणि योग्य मॉड्यूलकडे द्यायचा. तुमची फाइल काढून टाकली तरी बाकीचा बॉट चालला पाहिजे. वर्गात आपण ती खरोखर काढून बघणार आहोत.

जुन्या सभासदांनी नव्यांच्या शेजारी बसावं, पण त्यांचा कीबोर्ड कृपया हातात घेऊ नये. चुकू द्या, वेळ भरपूर आहे.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत इथेच कळवा, तेवढे एक्स्टेन्शन बोर्ड आणायचे आहेत.