सिंहाएवढं पाणमांजर आणि शिवालिकचा विसर

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत नामशेष झालेल्या सिंहाएवढ्या पाणमांजराची बातमी वाचली, हेडिंग झकास होतं, पण आत त्याला मार्जार कुळात टाकलंय ते बरोबर नाही की हो. पाणमांजर मस्टेलिडी कुळातलं, वीझल आणि बॅजरच्या भावकीतलं, मांजराचा काही संबंध नाही आणि मुंगुसाचा पण नाही. इकडं खानापुरात शाळेतली पोरं पेपरात आलं म्हणजे खरंच धरतात, आता आम्ही मास्तर लोकांनी कुणाकुणाला सांगत बसायचं.

खरं तर मला जास्त खटकलं ते चित्र. बातमीतला हा प्राणी म्हणजे एनहायड्रिओडॉन ओमोएन्सिस, इथिओपियातल्या ओमो खोऱ्यातला, २०२२ ला वर्णन झालं, वजन २०० किलोच्या आसपास असावं म्हणतात (आपल्याकडचं मोठं पाणमांजर १० किलोच्या आगेमागे). पण हा अंदाज काढलाय दात आणि मांडीच्या हाडावरून, अख्खा सांगाडा मिळालेलाच नाही, आणि तुम्ही शेपटीच्या केसापर्यंत रंगवून वर तोंडात मासा पण दिलाय! दातांच्या इनॅमलमधले (वरच्या कठीण थरातले) ऑक्सिजन आणि कार्बनचे आयसोटोप, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू, तपासले तर ते पाण्यातल्या हिप्पोशी जुळले नाहीत, जमिनीवरच्या तरस आणि मोठ्या मांजरांशी जुळले, म्हणजे हा गडी बहुतेक जमिनीवरच खात-फिरत असणार.

दाढांचं तर तुम्ही लिहिलंच नाही आणि या प्राण्याची ओळख पटते ती दाढांवरूनच. कुत्र्याची मोठी दाढ अडकित्त्यासारखी कापते, या एनहायड्रिओडॉनच्या दाढेची धार जाऊन तिथं जाड बोथट उंचवटे आलेत, कापायला नाही तर चुरडायला, थोडंफार समुद्री पाणमांजरासारखं. कवच असो की हाड, फुटणार.

आणि हे जीनस (जवळच्या जातींचा गट) मुळात आफ्रिकेतल्या हाडांवरून ठरलेलं नव्हेच, ते हिमालयाच्या पायथ्याच्या आपल्या शिवालिक टेकड्यांतल्या जीवाश्मांवरून उभं राहिलं! फाल्कनर आणि कॉटली या ब्रिटिश संशोधकांनी १८३० च्या दशकात त्या टेकड्यांतून हाडं गोळा केली, फाल्कनरनं नाव दिलं एनहायड्रिओडॉन शिवालेन्सिस, ते छापून आलं १८६८ ला, तो वारल्यावर. इथिओपियावर अर्धं पान आणि शिवालिकला एक ओळ नाही, हे काय पटलं नाही बघा.

दुरुस्ती छापाल तेव्हा कुळ आणि शिवालिक दोन्ही घ्या, आणि असलं चित्र परत टाकलं तर खाली ‘काल्पनिक’ तेवढं लिहा, जागा असतेच की.

आपला एक वाचक,
खानापूर, जि. बेळगाव