माझ्या चित्रात चूक दाखवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

आभार तोंडी मानायला गेले की माझे वाक्य अर्ध्यावर अडकते आणि समोरचा माणूस ते घाईने पूर्ण करून टाकतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून पत्र लिहिते आहे. ते सर्वांना वाचता येईल असे लिहिण्याचे कारण एवढेच, की तीन वर्षे दर शनिवारी तुम्ही जे केलेत त्याला लोक 'विशेष मुलांना चित्रकला शिकवणे' म्हणतात, आणि त्या वर्णनातला जवळजवळ प्रत्येक शब्द मला खटकतो.

आपली ओळख झाली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. माझ्या अहवालावर ऑटिझम आणि एडीएचडी (लक्ष टिकवणे आणि स्थिर राहणे अवघड जाणे) अशी दोन निदाने होती. (अमेरिकेतल्या मनोविकारांच्या निदान-पुस्तिकेप्रमाणे 2013 पर्यंत ही दोन्ही निदाने एकाच व्यक्तीला एकत्र देता येत नसत, तेव्हा काही वर्षे आधी तपासणी झाली असती तर मला अर्धेच निदान मिळाले असते, हा हिशेब मी तुम्हाला पहिल्याच दिवशी ऐकवला होता.) ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. हा शब्द मला कधीच पटलेला नाही. मग्न मी असते, पण स्वतःत नव्हे, लिफ्टमध्ये. लिफ्टची दारे, तिचे प्रतिवजन, मजल्याचा आकडा बदलण्याआधीचा तो अर्धा सेकंद, यांत मी इतकी बुडालेली असते की स्वतःची भूकदेखील मला उशिरा कळते. डायना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन यांनी 2005 मध्ये ऑटिझमची जी मांडणी केली, तिच्यात लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टींकडे, पण पूर्ण जोराने वाहते असे म्हटले आहे. ते वाचले तेव्हा कोणीतरी माझ्याबद्दल बरोबर वाक्य लिहिले आहे असे मला प्रथमच वाटले.

तुमच्या आधी जे भेटले त्यांच्या दृष्टीने लिफ्ट हे बक्षीस होते किंवा आजार. पाच मिनिटे डोळ्यांत बघून बोलले तर लिफ्टचे चित्र काढायला मिळायचे. उरलेली माणसे प्रेमळ होती, आणि खरे सांगायचे तर त्यांचा मला अधिक त्रास झाला. ती प्रत्येक कागदाला 'छान' म्हणत. मुद्दाम उलटा धरलेला कागदही एकदा छान ठरला. त्या दिवसापासून मीही छान वागू लागले: मान हलवायची, हसू कोणत्या ठिकाणी आणायचे ते पाठ करायचे, आणि घरी येऊन अंधारात पडून राहायचे.

तुमच्याकडे येण्याच्या चार दिवस आधी तुमचे एक पान आले. त्यावर खोलीचा फोटो होता आणि दार कोणत्या बाजूला उघडते, खोलीत कोण कोण असेल, किती वेळ बसायचे, मध्येच थांबावेसे वाटले तर काय करायचे, एवढेच लिहिले होते. दार उघडे राहील आणि दुसऱ्या एक कार्यकर्त्या खोलीत असतील, हेही त्यात होते. स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात सांगितलेला तो नियमच होता हे मला नंतर समजले, पण नियम मला आवडतात. तुम्ही समोर न बसता शेजारी बसलात, त्यामुळे दोघींनाही बघायला कागद होता. छतावरच्या ट्यूबलाइटची गुणगुण मला ऐकू येते हे सांगितल्यावर 'कुठे येतोय आवाज?' असे कोणीही विचारले असते; तुम्ही उठून बटण बंद केलेत आणि टेबलावरचा दिवा लावलात. माझ्या हातात बोल्ट असतो आणि त्यावरचा नट मी वरखाली फिरवत राहते, म्हणजे ऐकणे सोपे जाते. त्याकडे तुम्ही एकदाच पाहिलेत आणि म्हणालात, "हीसुद्धा लिफ्टच की." प्रश्न विचारला की तुम्ही थांबायचात. मनात दहापर्यंत मोजत होते आणि सहा-सातच्या सुमारास जीभ आवरणे कठीण व्हायचे, अशी कबुली तुम्ही पुढे कधीतरी दिलीत. ते चार आकडे तुम्ही गिळलेत म्हणून माझी उत्तरे बाहेर आली.

यावरून कोणी तुम्हाला केवळ समजूतदार बाई मानले तर तो तुमच्यावर अन्याय होईल. समजूतदार माणसे मला पुष्कळ भेटली होती. तुम्ही पेशाने चित्रकार आहात आणि माझ्याशी चित्रकारासारख्याच वागलात, हे या पत्राचे कारण आहे.

दुसऱ्या महिन्यात मी तुम्हाला लिफ्टची सुरक्षा-यंत्रणा बनवणाऱ्या एलिशा ओटिस यांची गोष्ट सलग चाळीस मिनिटे सांगितली. 1854 मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनात ते उंच चढवलेल्या फलाटावर उभे राहिले आणि लोकांदेखत त्यांनी फलाटाचा दोर कापायला लावला. दोराच्या ताणामुळे वाकून राहिलेली स्प्रिंग ताण जाताच सरळ झाली, तिची टोके दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत अडकली, आणि फलाट काही इंच घसरून थांबला. लिफ्टमध्ये माणसे निर्धास्त चढू लागली त्यामागे हे प्रात्यक्षिक आहे. तुम्ही सगळे ऐकून घेतलेत आणि म्हणालात, "याचे कॉमिक कर." मी पाच आठवडे खपून 41 चौकटी काढल्या. प्रत्येक दाता मोजून काढला होता.

तुम्ही ती पाने दोनदा वाचलीत. मग म्हणालात, "यंत्र मला पूर्ण कळले. पण दोर तुटला तेव्हा माझ्या पोटात काहीच झाले नाही. आणि खाली उभी असलेली माणसे कुठे गेली?"

मी कागद गोळा केले आणि निघून गेले. पुढचे दोन शनिवार मी आले नाही. घरचे तुमच्यावर रागावले. अशा मुलीला असे बोलतात का, असे त्यांचे म्हणणे होते. तुमचा एकच निरोप आला: "खोली आणि वेळ तीच आहे. यायचे की नाही ते तू ठरव. कॉमिकबद्दलचे माझे मत मात्र तेच आहे." हे शेवटचे वाक्य मी किती वेळा वाचले असेन कोण जाणे. सोळा वर्षे लोक माझ्यात दोष शोधत होते आणि माझ्या कामाला बिनदिक्कत छान म्हणत होते. माझ्यात काही दुरुस्त करायला न जाता माझ्या कामात दोष काढणाऱ्या तुम्ही पहिल्या. दोष काढायचा तर आधी नीट बघावे लागते, आणि तेवढे कोणी बघितलेच नव्हते.

तिसऱ्या शनिवारी मी आले. पेन्सिल तुम्ही हातात घेतली नाहीत, हे मी आजही सर्वांना सांगते. तुम्ही कोऱ्या कागदाच्या पट्ट्या कापल्यात आणि माझ्या चौकटींवर एकेक ठेवत गेलात. स्प्रिंग झाकली, दाते झाकले, शेवटी त्या पानावर फक्त कुऱ्हाड आणि दोर उरला आणि खाली सगळे पांढरे. मला धस्स झाले. फलाट काही इंचच घसरला हे खरे, पण खालून बघणाऱ्यांना ते काही इंच आहेत हे ठाऊक नव्हते, हे त्या पांढऱ्या जागेने मला सांगितले. मग मी ती घसरण अख्ख्या पानभर काढली, नऊ अरुंद उभ्या चौकटींत. माणसांचे चेहरे मला काढता येत नव्हते, तेव्हा वर वळलेल्या टोप्या काढल्या. "चालेल," असे तुम्ही म्हणालात. ते 'चालेल' मी 'छान'च्या ढिगाशीही बदलणार नाही.

तुमच्याही चुका झाल्या आणि त्या न लिहिणे तुम्हालाच आवडणार नाही. एका शनिवारी आगाऊ न कळवता खोली बदलली गेली. मी दारातच खाली बसले आणि तासभर मला बोलता आले नाही. तुम्ही मला समजवायला आला नाहीत, दोन हातांवर गप्प बसून राहिलात, आणि नंतर "चूक माझी होती, कळवायला हवे होते" एवढेच लिहून पाठवलेत. कारणे दिली नाहीत. मोठ्या माणसाने कारण न देता चूक मान्य करणे तोवर माझ्या पाहण्यात नव्हते.

दुसऱ्या वर्षी तुम्ही आणखी दोघांना आमच्या टेबलावर आणलेत. एकाला फक्त आवाज ध्वनिमुद्रित करायचे होते आणि दुसरीला वाचण्यापेक्षा बोलून गोष्ट रचणे सोपे जात होते. तिघांचे जमेल असे कोणालाच वाटत नव्हते, पण आमच्यात इकडतिकडच्या गप्पा नव्हत्या, थेट तपशील होता, आणि काम भरभर पुढे गेले. ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये लिहिले होते की गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, एकट्या ऑटिस्टिक माणसाकडून नव्हे. कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांच्या 2020 मधील अभ्यासात कानगोष्टींच्या खेळासारख्या साखळ्या करून गोष्ट पुढे पाठवायला सांगितली होती. फक्त ऑटिस्टिक लोकांच्या साखळीतून ती इतरांच्या साखळीइतकीच नीट पोहोचली. मिश्र साखळीत मात्र तपशील अधिक गळले. आमच्या टेबलावर मिश्र कडी तुम्ही एकट्याच होता, आणि म्हणून तुम्ही कमी बोलत होतात, असा माझा तर्क आहे.

शेवटच्या सहा आठवड्यांची उलटी मोजणी तुम्ही भिंतीवर लावली होती, त्यामुळे निरोपाचा दिवस अंगावर आला नाही. आता महिन्यातून दोन शनिवार मी त्याच टेबलाशी एका चौदा वर्षांच्या मुलाशेजारी बसते. त्याला विजेच्या तारांचे खांब आवडतात. मीही मनात दहापर्यंत मोजते, आणि मलाही सहाला जड जाते.

सोबत नव्या कॉमिकची बारा पाने पाठवते आहे. सातव्या पानावरची चौथी चौकट चुकली आहे हे कळते, पण कुठे ते कळत नाही. सवडीने बघून कळवावे.

आपली,
लिफ्टवाली