स्टोनहेंजच्या सहलीविषयी

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जावईबापूंनी आखलेला जूनमधल्या रविवारचा बेत वाचला. सकाळी स्टोनहेंज, म्हणजे दक्षिण इंग्लंडमधले ते प्राचीन पाषाणवर्तुळ, दुपारी सॉल्झबरीचे कॅथीड्रल आणि संध्याकाळी बाथ शहर. आखणीत त्यांनी काही कसूर ठेवलेली नाही. मात्र एवढे सगळे एका दिवसात कोंबले, तर घरी परतल्यावर मुलांच्या लक्षात राहील ती मोटारीची मागची सीट. मागच्या खेपेस मी आणि तुझी आई एका यात्रा कंपनीबरोबर तेथे गेलो होतो, तेव्हा बसमधून उतरल्यापासून पुन्हा बसमध्ये चढेपर्यंत आम्हांला पाऊण तास मिळाला, त्यातला बराचसा रांगेत गेला, आणि हाती उरला तो एक फोटो, ज्यात दगडांपेक्षा आईचा वाऱ्याने उडालेला पदरच अधिक दिसतो.

म्हणून माझे म्हणणे असे, की कॅथीड्रल आणि बाथ पुढच्या वेळेसाठी ठेवावीत आणि स्टोनहेंजच्या जोडीला उत्तरेकडचे एव्हबरी घ्यावे. कारण अगदी साधे आहे. स्टोनहेंजच्या वर्तुळात १९७८ पासून सर्वसाधारण प्रेक्षकांना जाता येत नाही. दोरीबाहेरून पाहावे लागते. सहा वर्षांच्या मुलाला दगड दाखवायचा आणि हात लावू द्यायचा नाही, हे त्याला कितपत पटेल ते तू जाणतेसच. एव्हबरीला तो दगडाला मिठी मारू शकेल. तेथील मोठे वर्तुळ जगातील सर्वांत विस्तीर्ण पाषाणवर्तुळ मानले जाते, इतके विस्तीर्ण की गावाचा काही भाग आणि वाहता रस्ता त्याच्या पोटात आहेत. आधी दोरी आणि मग मोकळीक, हाच क्रम ठेव. उलट केलास तर सकाळची मौज दुपारी रडण्यात जाईल.

तिकिटावर प्रवेशाची वेळ ठरलेली असते, तेव्हा सर्वांत पहिली वेळ आजच नोंदवून टाक. २०१३ मध्ये सुरू झालेले प्रेक्षक-केंद्र दगडांपासून सुमारे अडीच किलोमीटरवर आहे आणि तेथून बस नेते. माझ्या गुडघ्यामुळे आम्ही दोघे बसने जाऊ. तुम्ही चौघांनी मात्र जाताना चालत यावे, म्हणजे मोकळ्या माळावर दगड हळूहळू मोठे होत जाताना मुलांना दिसतील. निघण्यापूर्वी केंद्राबाहेरच्या गवताने शाकारलेल्या झोपड्यांत थोडा वेळ बसा. जवळच्या डरिंग्टन वॉल्स येथे उत्खननात सापडलेल्या घरांवरून त्या उभारल्या आहेत. आतली चूल पाहिली, की ‘हे कोणी केले?’ या प्रश्नाला ‘अशा घरात राहणाऱ्या माणसांनी’ असे सरळ उत्तर देता येते आणि परग्रहवासीयांना मध्ये आणावे लागत नाही.

दुर्बीण मी घेऊन येतो. वर्तुळाच्या आत एक सर्वांत उंच दगड एकटाच उभा आहे. त्याच्या डोक्यावरचा आडवा दगड पडून गेला आहे आणि माथ्यावर मुठीसारखा एक उंचवटा उघडा राहिला आहे. तो उंचवटा म्हणजे कुसू. आडव्या दगडाच्या पोटात तेवढीच खाच कोरून तो त्यावर बसवलेला होता. आपल्या जुन्या घराच्या दाराची चौकट सुताराने अशीच जोडली होती, हे तुला आठवत असेल. साडेचार हजार वर्षांपूर्वी धातूच्या हत्याराविना, दगडाने दगड ठेचून लाकडाचा सांधा दगडात उतरवणाऱ्या त्या लोकांपुढे मला तरी हात जोडावेसे वाटतात. मुलांनी दुसरे काही पाहिले नाही तरी चालेल, पण तो कुसू त्यांनी स्वतः शोधून काढावा.

थोरलीला नकाशांचे वेड आहे, म्हणून तिच्याकडे ब्रिटनचा एक कोरा नकाशा दे. त्यावर तिने तीन रेघा ओढाव्यात. मोठे सार्सेन, म्हणजे कठीण वालुकाश्माचे दगड, ज्यांचे सरासरी वजन २० टनांहून अधिक आहे, ते बहुतेक सगळे सुमारे २५ किलोमीटरवरच्या वेस्ट वुड्समधून आले, असे २०२० मध्ये निश्चित झाले. लहान निळसर दगड वेल्समधील प्रेसेली टेकड्यांचे, म्हणजे २०० किलोमीटरहून लांबचे. आणि मधोमध आडवा पडलेला तथाकथित वेदीचा दगड थेट ईशान्य स्कॉटलंडचा, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते. यांतली पहिली रेघ आपल्या वाटेवरच आहे, कारण एव्हबरीकडे जाताना आपली गाडी ज्या दिशेला जाईल, साधारण त्याच दिशेकडून ते दगड ओढत आणले गेले.

एव्हबरीला मुलांना गोष्ट सांगण्याचे काम माझ्याकडे राहू दे. तेथील एका आडव्या पडलेल्या दगडाखाली १९३८ मध्ये मध्ययुगातल्या एका माणसाचा सांगाडा सापडला; त्याच्याजवळ कात्री आणि चौदाव्या शतकातली नाणी होती, त्यावरून तो न्हावी-शल्यवैद्य असावा असा तर्क झाला. तो दगड आता पुन्हा उभा केलेला आहे. धाकटा त्याभोवती किमान तीन फेऱ्या मारील.

वाऱ्याचा अनुभव आईला आलेलाच आहे, तेव्हा जून असला तरी सर्वांसाठी जाकिटे असू देत. एव्हबरीला दगडांमध्ये मेंढ्या चरतात, म्हणून जुने बूट बरे. आणि तारीख बदलावी लागलीच, तर २१ जूनच्या आसपासची घेऊ नये; सूर्योदयासाठी तेथे इतकी गर्दी लोटते, की मुलांना खांद्यावरून उतरवता येणार नाही.

जावईबापूंना हे माझ्या नावाने सांग, तुझ्या नाही. बाथ रद्द केल्याचा राग माझ्यावर निघालेला बरा.

तुझे,
बाबा